आंबेझरीच्या वाटेवरचा शिवलेला टायर

खानदेशात जाऊन आलीस, मग शेवभाजी खाल्लीस का, भरीताची वांगी आणलीस का, असं परत आल्यापासून चिपळुणातल्या प्रत्येकानं मला विचारलं. भरीत खाल्लं. वांगी आणली नाहीत. मी गेले होते ती माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांना शेवटचं बघायला, आणि तिथून आल्यावर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही तो एक टायर. टायर या विषयात ज्यांना रस नाही त्यांचं मी समजू शकते. मलाही नव्हता.

धुळे

चिपळूण ते धुळे या एसटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंग मोडलं, एवढंच. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं आणि हवेत कोरडी धूळ. आमच्याकडे दिवाळीनंतरही अंगणात शेवाळ असतं, जाडा टॉवेल वाळता वाळत नाही. इथे माणसाचे ओठ आधी वाळतात. नलू रिक्षांच्या रांगेपाशी उभी होती. लग्न होऊन या मुलखात आली तेव्हा माझी ही बहीण कुत्र्यालाही घाबरायची. आता एका रिक्षावाल्याशी तिनं अहिराणीत असं काही भांडण केलं की त्यानं निमूट आम्हाला बसवून घेतलं.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणाले घरी न्या. आज-उद्याचं आहे."

नलूच्या सासऱ्यांची, आबांची, दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. हॉस्पिटलात सगळे उपाय करून झाले होते आणि आबांनी तर आदल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता: "माले घर लयी चला. वट्टावर टाका माले." वट्टा म्हणजे घरापुढचा ओटा. माणूस जायला लागला की त्याला खाटेवर ठेवत नाहीत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर खाली घेतात, ही रीत आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे आता माणसं दवाखान्यातच जातात आणि मग आपण म्हणतो, इलाज नव्हता. आबांना ते मान्य नव्हतं. ज्या ओट्यावर बसून त्यांनी आयुष्यभर कापूस वेचून आलेल्या बायांना चहा पाजला, त्या ओट्यावरच त्यांना खाली घ्यायचं होतं, आणि तेही जिवंतपणी, शुद्धीत. तिकडे गावी, आंबेझरीला, नलूच्या सासूबाईंनी, अक्कांनी, सकाळीच ओटा सारवायला घेतला असल्याचा फोन आला होता.

हॉस्पिटलात मला बघून आबांनी डोळे उघडले. सुजलेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे जुने होते. "कोकणनी बाई," ते म्हणाले, "भात खाईसन उनी का?" गेली कित्येक वर्षं भेटले की हाच प्रश्न. भात खाऊन माणूस जगतो कसा, हे त्यांना पडलेलं कोडं होतं. मी नेहमीचं उत्तर दिलं की तुमची भाकरी चावून चावून माझे दात पडले. त्यांना हसायचं होतं, पण नुसता घसा वाजला.

नलूनं आणलेला डबा मी व्हरांड्यात उघडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात, मिरच्या आणि वरून कच्चं शेंगदाणा तेल. एवढं चांगलं भरीत मी कधी खाल्लं नव्हतं. आत माणूस जातोय आणि आपण बोटं चाटतोय याची लाज वाटली, तरी भाकरी संपवली.

नलूचा नवरा प्रल्हाद, त्याला मी प्रल्हादराव म्हणते, खाली जीपजवळ गादी अंथरत होता. अॅम्ब्युलन्सवाल्यानं हात वर केले होते. शिरपूरच्या पुढे नाल्यावरची फरशी परतीच्या पावसात वाहून गेली होती, आणि पात्रातून दगडगोट्यांवरून जायला लागत होतं. तिथून फक्त ट्रॅक्टर नाहीतर अशी उंच जीपच जाते. ही जीप आबांचा जीव की प्राण. जुनी, चारही चाकांना ताकद असलेली, खडबडीत जाड टायरांची. घरातल्या लेकीसुनांची झाली नसेल एवढी तिची विचारपूस व्हायची. रोज सकाळी आबा तिच्याभोवती फेरी मारून प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबून बघत.

"दसऱ्याला अंगात ताकद नव्हती," नलू सांगत होती, "तरी सगळी चाकं काढून धुवायला लावली. पाटावर बसले आणि पाचही टायर स्वतः काळ्या रंगानं रंगवले. स्टेपनीसुद्धा. मी म्हटलं, ती कोण बघतंय? तर म्हणे, तिनं काय पाप केलंय?"

टायर खरंच काळेभोर होते. आबांच्या थरथरत्या हातानं ब्रश टायर सोडून रिमवरही गेला होता, चांदीच्या रंगावर काळे ओघळ. मी ते बघितलं आणि म्हाताऱ्याची हौस, एवढंच मनात आलं.

तापी

आबांना मागे झोपवलं. डोकं नलूच्या मांडीवर, पाय माझ्या बाजूला. मुंबई-आग्रा रस्त्यानं जीप उत्तरेला निघाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेल्या बोंडांचे पांढरे ठिपके, मधूनच ढाब्यांच्या पाट्या. आमच्या तांबड्या, चढउतारांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ही सपाटी अंगावर येते. नजरेला टेकायला काही नसतं. सोनगीरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकानं मागे गेली तेव्हा आबा पुटपुटले की अक्काचा हंडा इथलाच आहे. नलू म्हणाली, हो. मग आम्ही दोघी त्यांच्या छातीकडे बघत राहिलो.

तापीचा पूल जवळ आला तसे त्यांनी हाताची बोटं हलवली. त्यांना नदी बघायची होती. मी सरळ विरोध केला. म्हटलं, प्रल्हादराव, वेळ घालवू नका, ओट्यावर न्यायचंय ना? पण प्रल्हादराव तोंडातल्या तोंडात "दोन मिनिटं, ताई" म्हणाला आणि गाडी बाजूला घेऊन बाटली घेऊन खाली उतरून गेला. नलूनं आबांचं डोकं वर धरलं. रुंद, मातकट, संथ पाणी. आमच्या नद्या खळखळत येतात आणि समुद्रात पडून मोकळ्या होतात. ही आपली कुठे घाई नसल्यासारखी चाललेली. आबा बघत राहिले. प्रल्हादराव भरलेली बाटली घेऊन वर आला, आणि ते पाणी ओट्यावर आबांच्या तोंडात घालायचं असं ठरलं.

वाहून गेलेली फरशी

शिरपुरात चहा घेतला, आबांचे ओठ ओले केले आणि गावाबाहेर पडून डोंगराकडे वळलो. सातपुडा समोर दिसायला लागला की नलूचा चेहरा बदलतो, माहेरी निघाल्यासारखा. मला तो डोंगर उन्हात करपलेला वाटला.

फरशी म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा पूल. त्याचे तुकडे पात्रात इकडेतिकडे पडले होते आणि तुटल्या जागी गंजलेल्या सळ्या बाहेर आल्या होत्या. प्रल्हादरावानं गाडी अगदी पावलापावलानं उतरवली. पलीकडचा चढ लागला, पुढचं डावं चाक एका तुकड्याच्या कडेनं घासलं आणि फस्स असा आवाज आला. गाडी त्या बाजूला बसली.

सळईनं टायरची बाजू उभी चिरली होती. रस्त्याला टेकतो त्या भागात खिळा गेला तर पंक्चर काढता येतं, हे मलाही माहीत आहे. पण टायरचं पोट म्हणजे त्याची बाजू. गाडीचा भार घेऊन ती सतत फुगते आणि दबते, आणि तिच्यातल्या दोऱ्या तुटल्या की रबराच्या ठिगळानं भागत नाही. आत मूठ जाईल एवढी चीर होती. प्रल्हादरावानं स्टेपनी काढली आणि दगडावर जॅक लावून बदलली. आबा म्हणाले, "काय व्हयनं?" नलू म्हणाली, "काही नाही आबा, चाक बदलतोय." ते म्हणाले, "हवा देख." स्टेपनीत हवा कमी असते, हे त्या अवस्थेतही त्यांच्या लक्षात होतं. खरंच कमी होती. चाक खाली चेपलं होतं.

कडुनिंबाखाली

पुढच्या वस्तीच्या तोंडाशी एक टायरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे मोठा कडुनिंब, त्याखाली टायरांचे ढीग: ट्रॅक्टरचे, जीपचे, जेसीबीचे. मागे मिस्तरीचं घर. एका कापलेल्या टायरात माती भरून त्यात तुळस लावलेली. तिथून आंबेझरी एका घाटापलीकडे. लांब नाही, पण घाट कच्चा आणि एका बाजूला खोल नाला. हवा भरायची आणि निघायचं, एवढंच काम होतं.

मिस्तरी सुकलालनाना साठीचे, काटकुळे, डोक्याला रुमाल. हवेची नळी घेऊन आले, वाकले, आणि थांबले. नळी खाली ठेवून त्यांनी पुढच्या टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"हाऊ टायर मना शे," ते म्हणाले. हा टायर माझा आहे. "मी शिवेल शे. मांगे लावाना हाऊ. पुढे नको."

प्रल्हादराव म्हणाला की शिवलेला टायर मागच्या उजव्या चाकाला आहे, आबांनी उन्हाळ्यात तुमच्याकडूनच तर शिवून आणला होता. सुकलालनानांनी मान हलवली. खिशातून किल्ली काढून त्यांनी टायरवरचा काळा रंग खरवडला. खाली पांढरा पट्टा होता आणि पांढऱ्या ऑईलपेंटनं लिहिलेलं "मागे" यातला "मा".

तेव्हा मला समजलं. ज्याची बाजू शिवली आहे तो टायर ते नेहमी पांढरा पट्टा मारून देतात, म्हणजे उद्या कुणीही चाकं बदलली तरी तो पुढे लागू नये. मागचं चाक फुटलं तर गाडी हेलपाटते, बसते. पुढचं फुटलं तर सुकाणू हातातून जातं आणि गाडी स्वतःला हवी तिकडे जाते. दसऱ्याला धुवायला काढलेली चाकं परत बसवताना सगळी सारखीच काळी दिसत होती. शिवलेला गेला स्टेपनीला, आणि आता, नेमका घाटाच्या आधी, पुढे.

"यामा हवा भरत नही मी," सुकलालनाना म्हणाले. "पह्यले मांगे घ्या."

प्रल्हादराव कधी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "नाना, घर समोर शे. हळू हळू जासूत. आबा देखा ना!" मग मी पुढे झाले. मला वाट्टेल ते बोलता येतं, आमच्या घरी त्याबद्दल माझी ख्याती आहे. मी म्हटलं, अहो, माणूस जातोय इथे, तुम्हाला टायर सुचतोय? हवा भरायची नसेल तर नळी माझ्याकडे द्या, मी भरते. तुम्ही देव आहात का, कुठला टायर कुठे राहणार हे ठरवायला? नळी त्यांनी दिली नाही. पायाखाली धरून ठेवली.

त्यांची बायको लिलाबाई ओसरीतून आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मना भाऊनी गाडी व्हती, ताई. यासनी शिवेल टायर व्हता. त्यानी पुढे लायी दिधा." मिस्तरीनं शिवलेला टायर तिच्या भावानं पुढे लावला होता. पुढचं तिनं सांगितलं नाही, नुसतं घाटाकडे बघितलं. मला वाईट वाटलं, पण रागही उतरला नाही. तुमचं दुःख तुमच्यापाशी, आमच्या म्हाताऱ्यानं त्याची किंमत का द्यायची, असंच माझ्या मनात होतं. खरं ते सांगते.

आबांना हे सगळं ऐकू येत होतं. जीपच्या मागच्या बाजूनं त्यांचा आवाज आला, इतका स्पष्ट की आम्ही सगळेच वळलो.

"प्रल्हाद. तो मीच काळा करा. दसराले." मग दम घेऊन, "गाडीमा दोन पोरी शेत. बदल. मी थांबसू."

मी थांबेन. दोन पोरी म्हणजे नलू आणि मी, साठीला टेकलेली. प्रल्हादरावानं जॅक काढला.

आबांना खाली उतरवणं भाग होतं. लिलाबाईनं खाट आणून कडुनिंबाखाली टाकली, आम्ही चौघांनी गादीसकट त्यांना तिच्यावर ठेवलं. डाव्या बाजूची दोन्ही चाकं काढायची, मागचं पुढे आणि पुढचं मागे. एरवी हे काम हां हां म्हणता होतं. मागच्या चाकाचा एक नट गंजून बसला होता. सुकलालनानांनी तेल सोडलं, पान्याला पाइप लावून जोर केला, प्रल्हादराव पाइपवर उभा राहिला. नट हलेना. मी आबांचा हात धरून बसले होते आणि त्या नटाला शिव्या देत होते. आबांचा श्वास लांब लांब होत गेला. मध्ये थांबायचा, आता झालं असं वाटायचं, आणि परत यायचा.

नलूच्या आधी लिलाबाईला कळलं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. बादलीत शेण कालवलं, खाटेशेजारची जागा सारवली, टायरातल्या तुळशीची पानं आणली. आणि म्हणाली, "खाले घ्या."

नलू ओरडली, "नाही! घरी घ्यायचंय त्यांना! ओट्यावर!" तिला आवरायला मलाच लागलं. प्रल्हादराव तेलकट हातांनी धावत आला. आम्ही आबांना त्या ओल्या जमिनीवर घेतलं, एका बाजूला ट्रॅक्टरच्या टायरांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला जॅकवर वाकडी उभी असलेली त्यांची जीप. ओट्यासाठी आणलेलं तापीचं पाणी प्रल्हादरावानं तिथेच त्यांच्या तोंडात घातलं. थोडं आत गेलं, थोडं गालावरून ओघळलं. आबांनी डोळे उघडले नाहीत. ते गेले तेव्हा मागच्या चाकाचा नट तसाच बसलेला होता.

नट नंतर निघाला. आता घाई कुणालाच नव्हती.

आंबेझरी

चाकं बसली, हवा भरली. सुकलालनाना हात धुऊन आले आणि जीपच्या मागे, डाव्या चाकाच्या वर, कडेला बसले. मला कळेना. प्रल्हादराव म्हणाला की त्यांची रीतच आहे. शिवलेला टायर त्यांच्या हातून गाडीला बसला की पहिली फेरी ते त्याच चाकावर बसून करतात. आपण घातलेल्या टाक्यावर आपण बसायला तयार नसू तर दुसऱ्याला का बसवावं, असं त्यांचं म्हणणं. एरवी मला हे आवडलं असतं. त्या वेळी फक्त वाटलं की या माणसानं आमच्यापासून दूर राहावं.

घाटात आबांचा देह चादरीत, नलूचा हात त्यावर. माझं सगळं लक्ष मागच्या डाव्या चाकाकडे. दगडावरून गेलं की मी दचकायचे. आणि एक कबूल करते, की ते चाक फुटावं असं मला वाटत होतं. नाल्यात पडायला नको, पण फुटायला हवं होतं. म्हणजे निदान कळलं असतं की पुढे असतं तर आम्ही सगळेच गेलो असतो, आबांचं थांबणं कामी आलं. चाक फुटलं नाही. घाट चढलं, उतरलं, आंबेझरीच्या वेशीतून आत आलं, काही झालं नाही.

अक्का ओट्यावर उभ्या होत्या. लख्ख सारवलेला ओटा, एका कडेला तांब्या, दिवा, पांढरी घडी. जिवंत माणसासाठी केलेली तयारी. जीपमधून आम्ही ज्या तऱ्हेनं उतरलो त्यावरून त्यांना कळलंच. पण त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "कथा गया?" कुठे गेले?

नलूनं मान खाली घातली. मागे बसलेले सुकलालनाना उतरून पुढे आले, डोक्याचा रुमाल काढला आणि म्हणाले, "मना अंगनमा, अक्का. मी गाडी थांबाडी."

मला वाटलं आता या बाई त्याला फाडून खातील. मी तर खाल्लं असतं. अक्कांनी विचारलं,

"खाले जमीन व्हती ना?"

"व्हती. लिलानी सारवेल व्हती."

"मंग ठीक," अक्का म्हणाल्या, आणि तिथेच ओट्यावर बसल्या. मग त्यांना जे रडू आलं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

दिवस मावळायच्या आत शेताच्या बांधावर सगळं उरकलं. खांदा द्यायला माणसांची कमी नव्हती. सुकलालनाना शेवटच्या रांगेत चालत होते, आणि प्रल्हादरावानं वळून एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. घरात चूल पेटली नाही. शेजारून बाजरीच्या भाकऱ्या आणि उडदाची डाळ आली. आमच्याकडे अशा वेळी पेज किंवा वरणभात असतो, घशाखाली उतरतो. ती भाकरी उतरत नव्हती. आबा म्हणाले असते, भात खाणारी बाई ही.

परतीला

तिसऱ्या दिवशी अस्थी तापीत सोडायला प्रल्हादराव आणि नलू निघाले, आणि वाटेत मला शिरपूरला गाडीवर बसवणार होते. दुकानाशी प्रल्हादरावानं जीप थांबवली. चिरलेला टायर तिथेच राहिला होता.

सुकलालनाना कामात होते. जेसीबीच्या टायरची बाजू फाटली होती, ती शिवत होते. पहिल्यांदाच मी ते काम नीट बघितलं. चिरेभोवतीच्या तुटक्या दोऱ्या त्यांनी कापून काढल्या होत्या, रबर कानशीनं खरबरीत केलं होतं. टोच्यानं भोकं पाडून जाड नायलॉनचा दोरा आतबाहेर ओढत होते, प्रत्येक टाक्याला पायानं टायर दाबून. वर कच्चं रबर भरायचं, गरम साच्यात आवळून ते शिजू द्यायचं, आणि आतून जुन्या टायरचा एक तुकडा अस्तरासारखा बसवायचा. त्याला ते गेटर म्हणतात. एवढं करूनही त्या टायरवर पांढरा पट्टा येणारच होता.

आमचा टायर त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. त्यात मूठ घालून दाखवली आणि मान हलवली. तो शिवण्यातला नव्हता. लिलाबाई त्यात अळू लावीन म्हणाली.

प्रल्हादराव उभा होता. अस्थींचं मडकं जीपमध्ये नलूच्या मांडीवर होतं. त्यानं एकदम विचारलं, "नाना, तो पुढे ऱ्हाता ते फुटता का?"

पुढे असता तर फुटला असता का? सुकलालनानांचा टोचा थांबला. त्यांनी हो म्हणावं अशी मी देवाची प्रार्थना केली. त्यांना नुसतं हो म्हणायचं होतं, कोण तपासणार होतं?

"सांगता येत नही, भाऊ," ते म्हणाले. "टिकी बी जाता."

टिकलाही असता. म्हणजे आबा त्या ओट्यावर गेलेही असते, अक्कांसमोर, शुद्धीत. मला त्या माणसाचा पुन्हा राग आला, आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. यातलं काहीच मी केलं नाही. प्रल्हादराव जीपच्या मागच्या चाकाकडे वळला. मग म्हणाला, "आबानी सांगं, बदल. मी आयकं." आबांनी सांगितलं, मी ऐकलं. पुढे म्हणाला, "पांढरा रंग शे का?"

सुकलालनानांनी डबा आणि ब्रश आणून दिला. प्रल्हादराव मागच्या डाव्या चाकापाशी मांडी घालून बसला, आबा दसऱ्याला बसले असतील तसा. त्यानं टायरवरचा काळा रंग किल्लीनं खरवडला, पट्टा ओढला, आणि "मागे" हा शब्द सावकाश, शाळेतल्या पोरासारखा, जीभ दाताखाली धरून लिहिला. मग चिंधी घेऊन तो रिमकडे वळला. तिथे आबांच्या हातचे काळे ओघळ होते. त्यानं एकावर अंगठा ठेवला. थोडा वेळ ठेवला, मग चिंधी खाली टाकली, ते ओघळ तसेच राहू दिले आणि गाडी चालू करायला उठला.